समूने गावाला दिलेला शब्द

बातमी आली तेव्हा मी गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये धानाच्या ओलाव्यावरून भांडत होतो. मिलमालकाची आणि माझी हुज्जत जुनी. तो दाणा दाताखाली फोडून 'गीला है' म्हणणार, मी त्याच पोत्यातला दाणा फोडून 'सूखा है' म्हणणार, आणि चहा थंड होईपर्यंत कोणी मागे हटणार नाही. तेवढ्यात सुवार्ताचा, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा, फोन आला. शाळेत शिकवतानाच समूच्या छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं… मी फोन खिशात ठेवला आणि, का कोण जाणे, पुन्हा माझाच भाव सांगितला. मालकाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "ठीक है भैया, जो बोलो," म्हणाला. इतक्या वर्षांत तो असा कधी कबूल झाला नव्हता. तेव्हा मला बातमी खरी वाटली.

शमुवेल त्याचं नाव, आम्ही समू म्हणायचो. आमचे बाबा मिशनच्या आवारात माळी होते. मिशनची शाळा तेव्हा मराठी होती आणि आमच्यासारख्यांना फुकट. मी आठवीत ती सोडली, पोती उचलली, उचलता उचलता दलाली शिकलो. समू शिकत राहिला, मास्तर झाला आणि कामठ्याच्या पलीकडे एका लहान खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागला. तिथेच राहिला. गावात ख्रिस्ती घर त्याचं एकच. रविवारी मोटरसायकलवर तिघे, तो, सुवार्ता आणि लेक एस्तेर, उपासनेला गोंदियाला येत आणि दुपारी आमच्याकडे जेवत.

एस्तेर पहिलीत जायची झाली तोवर मिशनची शाळा इंग्रजी झाली होती, खासगी झाली होती, आणि चर्चच्या मंडळीतल्या लोकांनाही तिथे सहज जागा मिळत नव्हती. माझी दोन्ही मुलं तिथेच शिकली, त्यामुळे कोणाशी कसं बोलायचं ते मला माहीत होतं. पास्टरांची चिठ्ठी आणली, कार्यालयात ठाण मांडून बसलो, जागा मिळवली. शाळेची गाडी समूच्या गावाच्या फाट्यापर्यंत जाईल हेही कबूल करून घेतलं. सुवार्तालाही तेच हवं होतं. पोरीला सकाळची प्रार्थना मिळेल, आपल्या लोकांतल्या मैत्रिणी मिळतील. प्रवेशाच्या दिवशी मी फाटकाशी उभा राहिलो. समू आला नाही. संध्याकाळी मीच त्याच्या दारात जाऊन थडकलो.

"काऊन आला नाही?"

"दादा, तिचं नाव इथंच लिहिलं."

"कोणाले विचारून?"

मग त्याने सांगितलं. गावातली पोरं एकेक करून गाड्यांत बसून खासगी शाळांत जाऊ लागली होती, आणि हा उन्हाळाभर घरोघरी फिरून ती परत मागत होता. एका बाईने दारातच त्याला टोमणा मारला, "मास्तर, तुमच्या पोरीले गाडी, आन् आमच्या पोरीले तुमची शाळा, असंच ना?" समू तिला म्हणाला, "माझ्या पोरीच्याच बाजूले बसवतो तुमच्या पोरीले." त्या एका बोलण्यावर कितीतरी घरं वळली.

"म्हणजे तू पोरीले तारण ठेवलं!" मी ओरडलो.

"तसं समज."

"तारण आपल्या एकट्याच्या मालाचं ठेवतेत, समू. पोरगी सुवार्ताची बी आहे."

"येशूनं काय गाडीत बसणाऱ्यायलेच शिकवलं, दादा?"

"येशूले पोरगी नव्हती!"

आत सुवार्ता फसकन हसली, मग बराच वेळ बाहेर आली नाही. मी न जेवता निघालो.

बाजारात माझा शब्द कधी पडला नव्हता. तो माझ्या सख्ख्या भावाने पाडला. पुढे दर रविवारी जेवताना मी हा विषय काढायचो आणि तो खाली बघून वरणभात कालवायचा. गेल्या नाताळात एस्तेरने मंडळीपुढे बायबलमधलं वचन वाचलं, न अडखळता, खणखणीत. मी त्याच्या कानाशी लागलो, "मराठीत वाचलं. इंग्रजीत वाचते का?" तो म्हणाला, "देवाले दोन्ही समजते, दादा. तुले कोणतं समजत नाही?" माझं म्हणणं मात्र आजही तेच आहे. गाव टिकवायला माणसाने स्वतःला पणाला लावावं, पोरीला नाही.

दफनाला अख्खं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून आलं. मूठमाती झाल्यावर तीच टोमणेवाली बाई माझ्याजवळ आली, पदराने डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "दादा, एस्तेर आता जाते का जी?" मला वाटलं, मायेने विचारते. ती पुढे म्हणाली, "ते गेली त आमीबी गाडी लावू. मंग शाळा काई राहत नाही."

आता सुवार्ता गोंदियाला येऊ म्हणते. त्या गावात एकटीने कोणासाठी राहायचं, हा तिचा सवाल चूक कसा म्हणू? पास्टर या खेपेला स्वतः घरी आले, म्हणाले, जागा आहे, काळजी करू नका. कोणी घासाघीस केली नाही. सुवार्ता म्हणाली, "ते असते त मी भांडली असती, दादा. आता कोणाशी भांडू? तुमी म्हणान तसं." मी तारणाचे व्यवहार आयुष्यभर पाहिले. पण ठेवणाराच मेला तर तारण सोडवायचं कोणाकडून, हे मला कोणी शिकवलं नाही.

मागच्या आठवड्यात एस्तेरचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला त्या शाळेत गेलो. समूच्या वर्गाबाहेर पोरांच्या चपला भिंतीशी ओळीने लावलेल्या होत्या. दाराजवळ, ओळीच्या सुरुवातीला, एका जोडाएवढी जागा रिकामी. "इथं सर काढत होते," एका पोरीने सांगितलं. "तिथं कोणी ठेवत नाही." रिकाम्या जागेला लागून एस्तेरच्या निळ्या चपला होत्या आणि त्यांना चिकटून दुसऱ्या कोणा पोरीच्या. मी बूट लांब, पायरीखाली काढले. वर्गालगतच्या कार्यालयात मुख्याध्यापिका बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "लिहू का?"

वर्गात पाढे चालले होते. त्यांत एस्तेरचा आवाज मला वेगळा काढता येईना. बाईंनी पुन्हा विचारलं. मी पाणी मागितलं.