खिडकीपाशी बसलेली पिशवी

लातूरला मेहुण्याच्या मुलीचं बारसं होतं, संध्याकाळी पाचला. माझी बायको आत्या. म्हणजे बाळाच्या कानात नाव तिनंच सांगायचं आणि अंगावर कुंचीही तिचीच. स्वतःच्या लग्नातल्या साडीची ती तिनं महिनाभर खपून शिवली होती. बायकोला एसटी लागते. तरी ती म्हणाली, "गाडीला आजकाल लई गर्दी असती. एसटीनंच जाऊ, लिंबू घेते मी."

मी हसलो. या पॅसेंजरनं नांदेडहून इतकी वर्षं ये-जा केलेली, कोणता डबा कुठं थांबतो ते मला पाठ. शेवटचा जनरल मोकळा असतो म्हणून तिला फलाटाच्या पार टोकाला, नळापाशी नेऊन उभं केलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लातूरलाच निघालेल्या बिलोलीच्या एका आजीबाईंनाही मी अगत्यानं बोलावून घेतलं. "इथंच लागतो डबा."

गाडी आली आणि बरीच अलीकडं थांबली. डबेच कमी लावले होते. आमच्यापुढं नुसते रूळ.

"पाव्हणं," आजीबाई म्हणाल्या, "तुमचा डबा मागनं येऊन राहिला का?"

धावत सुटलो. आजीबाई माझ्या पुढं. दारात माणसं लोंबकळत होती. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा आमच्याकडं सगळे पाळतात. रुमाल सापडेना, म्हणून बिनगजाच्या खिडकीतून मी हातातली पिशवीच बाकावर टाकली. आजीबाईंना लोकांनी हात देऊन वर घेतलं. आम्हाला पाय ठेवायलाही जागा मिळेना. गाडी हलली.

बायकोनं शांतपणे विचारलं, "मिळाली जागा?"

"हाव."

"कुंची त्यातच हाय."

"माझा फोन पण," मी म्हणालो.

तिनं आपल्या फोनवरून माझा नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला दिला. बऱ्याच वेळानं आजीबाईंचा आवाज आला. "पिशवी बसली हाय खिडकीपाशी. म्या उभी हाय."

"आजी, तुम्ही बसा की."

"कशी बसू? तुमची जागा हाय ती."

बायकोनं फोन हिसकावला. "पिशवी मांडीवर घ्या अन् बसा, आजी. लातूरला भेटते."

गाडी परभणी-परळीचा वळसा घेत जाते, त्यामुळं एसटी आधी पोचली. चाकूरपर्यंत बायकोनं दोन लिंबं संपवली. माझ्याकडं पाहिलं नाही. लातूरच्या फलाटावर चार वाजले तरी गाडी नाही. कुठं उभं राहायचं, यावर मी तोंड उघडलं नाही. ती मधोमध उभी राहिली. गाडी आली आणि डबा नेमका तिच्यासमोर लागला.

आजीबाई पिशवी उराशी धरून उतरल्या. "चौघं भांडले जागेसाठी. पर म्या उठले न्हाई."

बायकोनं त्यांना बारशालाच नेलं.

बाळाला कुंची घातली. नाव सांगायला असा कितीसा वेळ लागतो? पण बायको पाळण्यावर वाकून बराच वेळ कुजबुजत राहिली, आणि शेजारी उभ्या आजीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"एवढं काय सांगत होतीस?" मी नंतर विचारलं.

"नाव सांगितलं. अन् म्हणलं, आतोबासंगं गाडीनं जाऊ नको."