सावाचा अर्धा फोटो

आमचा सावा पेन्शनीत निघाला आणि आकाशाच्या मागे लागला. लोकांचे नवरे पत्ते कुटतात, माझा अंगणात दुर्बीण मांडून बसतो. रोडोपच्या या डोंगरात अंधाराला तोटा नाही. मृगातल्या तीन ताऱ्यांना आम्ही नांगर म्हणतो. त्यांच्याखाली नवे तारे जन्मतात तो तेजोमेघ आहे, त्याचा फोटो त्याला हवा होता. कितीतरी संध्याकाळी टिपलेल्या छब्या एकावर एक बसवायच्या, तेव्हा कुठे एक फोटो. निम्म्या झाल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या हिवाळ्यात याला तारे दिसायचे नाहीत.

त्यात ढग. आभाळ उघडलं ते नेमकं ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीच्या रविवारी. पुढं चांदणं वाढणार, मग नांगर सूर्यासोबतच मावळणार. म्हणजे हीच संध्याकाळ. आणि याच संध्याकाळी टेकड्यांवर होळ्या पेटतात. समोरच्या होळीचा मान सावाच्या थोरल्या भावाचा, रांगेलचा. त्यानं आईचं खेचर परस्पर विकलं तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"जा, सांग त्याला, नांगर मावळल्यावर पेटव म्हणून," मी म्हटलं.

"हसेल तो मला."

"हसू दे. दात तरी कुठे उरलेत त्याला?"

चीज भरून भाजलेली बनित्सा घेऊन मीही सोबत गेले. या दिवशी धाकट्यानं थोरल्याकडे जाऊन माफी मागायची असते, हे रागाच्या भरात आम्ही दोघंही विसरलो होतो. रांगेलनं दार उघडलं.

"दादा, मी म्हणत होतो..."

"माफ आहे रे! सगळं माफ," रांगेल म्हणाला. "खेचराचं माझंच चुकलं." आणि एवढा धटिंगण माणूस ढसाढसा रडायला लागला.

आता होळीचं सांग म्हणून मी सावाला कोपरानं ढोसलं. पण तो वाकला आणि त्यानं भावाच्या हाताचं चुंबन घेतलं.

"चल, यंदा होळी तू पेटव," रांगेलनं डोळे पुसत म्हटलं.

सावानं पेटवली. जुनिपरच्या ओल्या फांद्या धडधडल्या, धुरानं अर्धं आभाळ तांबडं झालं. मला संताप आला, आणि रडूही.

"ऐकलं, कसलासा फोटो काढतोयस," रांगेल म्हणाला. "झाला का?"

"झाला," सावा म्हणाला, आणि त्यानं जाळात आणखी एक फांदी टाकली.