दाजींनी लावलेला डबा

थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापड विकतात आणि जगातल्या प्रत्येक यंत्रातलं आपल्यालाच कळतं असं समजतात. विद्यानगरच्या आमच्या घरी वरच्या खोलीत रेंज कमी येते, म्हणून त्यांनी वायफायचा एक जादा डबा आणून जिन्यात लावला. तेव्हापासून माझं ऑफिसचं व्हीपीएन सारखं तुटू लागलं.

ऑफिसच्या मदत विभागाला फोन केला. तिथल्या बाईंनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "लहान गावात असंच होतं, सर." हुबळी म्हणे लहान गाव! बाईंना नकाशासुद्धा कधी बघावासा वाटला नसावा.

शेवटी मीच लक्ष ठेवून बसलो. नेट चालूच होतं. लॅपटॉप मात्र कधी खालच्या राउटरला जोडला जाई, कधी जिन्यातल्या डब्याला, आणि दर बदलाला व्हीपीएन तुटे. मी डबा काढला आणि खालून वर केबल ओढली. मग दिवसभर काही तुटलं नाही.

रविवारी दाजी अक्काला घेऊन आले. "डबा का काढला?"

"त्याच्यामुळंच तुटत होतं."

"नीट लावला नसेल."

"तुम्हीच लावलात की!"

"मी लावला तेव्हा चांगला होता."

आतून अक्का ओरडली, "साकु बिड्री, पुरे करा आता, जेवायला या."

जाताना दाजींनी डबा पिशवीत घातला. केलगेरीच्या कुणा मित्राकडं रेंज कमी येते म्हणे. त्या अनोळखी माणसाची मला कीव आली.