डाव्या हाताची बंदूक

पिकात शिरणारे रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायला रंगाच्या गोळ्यांची बंदूक घ्यायची, हे आमच्या ह्यांनी ठरवलं होतं. गोळी फुटली की आवाज होतो, रंग उडतो, जनावर बिचकून पळतं. महिनाभर ते मोबाईलवर तेच बघत बसायचे. उन्हाळ्यात ते गेले. सोयाबीन वर आलं आणि रोही वेळेवर हजर झाले. त्यांना कोणी निरोप दिला नव्हता.

"वहिनी, वावर बटईनं देऊन टाका," दीर म्हणाले. "राखण काई तुमच्यानं होत नाई."

मी म्हटलं, आधी बंदूक बघू. यात हिंमत वगैरे काही नव्हती. नाही म्हणायचं एवढंच सुचलं. एकदा बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलेलं वावर बाईच्या हाती परत येत नाही, हे मात्र मला माहीत होतं.

दिरांना घेऊन मी मोताळ्याला गेले. फवारणीच्या पंपांच्या दुकानात दोन बंदुका होत्या. दोन्ही मधल्या भावातल्या. एक हलकी, खटका दोन्ही बाजूंना, पण मार आखूड. दुसरी पार धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत पोचणारी, पण तिचा खटका उजव्या हाताच्या माणसासाठीच केलेला. दुकानदार गोळ्या, गॅसची टाकी, सगळं समजावत होता. मी मान हलवत होते. मला काहीच वाटत नव्हतं, कंटाळासुद्धा नाही.

"मंग कोनती देऊ, ताई?"

"हलकी द्या," मी म्हटलं. "त्यायले डाव्या हाताची लागते."

शेजारी दीर एकदम पंपाच्या नळ्या निरखायला लागले. दुकानदाराला काय कळणार? आमच्याकडे बायका नवऱ्याला 'ते'च म्हणतात, तो असो की नसो.

"मंग त्यायलेच घेऊन या ना," तो म्हणाला. "हातात धरल्याबिगर समजत नाई. मी ठेवतो बाजूले काढून."

त्याने खरंच ती बाजूला काढून ठेवली. उन्हाळ्यापासून कोणी त्यांची वाट पाहिली नव्हती. मला त्या माणसाचा राग आला, आणि राग आला याचं बरं वाटलं.

"भाऊजी, ती दुसरी द्या इकडं," मी म्हटलं.

दिरांनी ती उचलून दिली. जड होती. मी खांद्याला लावली, खटका उजव्या हाताला बरोबर सापडला.

"हीच द्या," मी दुकानदाराला म्हटलं. "ते येत नाईत. मीच हाये."