उभ्या गाडीची ब्याटरी

दिंद्रुडच्या त्या ब्याटरीवाल्याचं नाव मला ठावं न्हाई, एकदाच बघितला. आमी सा महिने ऊस तोडाय गेलतो, आलो तर दारातली गाडी मेलेली. लेकानं ढकलत त्याच्या दुकानावर नेली, आत मी बसलेली. ढकलता ढकलता लेक म्हनला, "आये, पुढच्या साली तू घरीच बस." जलमभर मोळ्या वाहिल्या, पर एकटं बसून ऱ्हायाचं मला जमत न्हाई.

दुकानात लेक म्हनला, "सगळ्यात मोठी ब्याटरी द्या."

ब्याटरीवाल्यानं वीत टाकून जुनी मापली. "मोठी बसवू कुठं, तुज्या मांडीवर? हाय त्याच मापाची घे." मंग तापलेल्या पोराच्या कपाळावर ठिवत्यात तसा बोनेटवर हात ठिवला. "चालवतो का नुसती उभी ठिवतो?"

"सा महिने उभीच."

"एका जागी बसवली की मरनारच की, बाबा. ठिवायचीच आसंल तर ब्याटरीची तार काढून ठिव."

मी लेकाकडं बघितलं. त्यो खाली बघाय लागला.

दसऱ्यानंतर परत उसाला निघायच्या दिशी लेक गाडीची तार काढीत व्हता. मी कोयता घिऊन कवाच ट्रकात बसलेली. वरूनच म्हनलं, "तिची काढ. माजी ऱ्हाऊ दे."