तीन अक्षरांचा नाद

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर, एका ट्रस्टचा मनाच्या आजारांचा दवाखाना आहे. ट्रस्टचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ते आभाराचं पत्र पाठवतील आणि मला त्यांचं मराठी पुन्हा वाचावं लागेल. जिन्यातच एक मोठी पाटी लावली आहे. डावीकडे लाल अक्षरांत 'असे म्हणू नका' आणि त्याखाली वेडा, खुळा, येडपट, चक्रम, भ्रमिष्ट, सटकलेला अशी भरगच्च यादी. उजवीकडे हिरव्या अक्षरांत 'असे म्हणा' आणि त्याखाली एकच शब्द, 'सेवार्थी'. मी जन्मभर घोडेगावात पोरांना मराठी शिकवलं. या पाटीतलं पोरांना काय पाठ होईल ते मला विचारा.

वर गेलं की नोंदणीच्या टेबलामागचा माणूस ओरडत असतो, "ओ सेवार्थी, चपला भायेर! भिंतीला डोकं टेकू नका, तेल लागतंय!" कुणी तेच दोनदा विचारलं तर तो शेजारच्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवतो. बोटावर बंदी घालणारी पाटी अजून कुणी रंगवलेली नाही.

त्याच्या टेबलावर फायलींची चळत असते आणि प्रत्येक फायलीवर एक रंगीत ठिपका चिकटवलेला. हिरवा म्हणजे नेमाने येणारा, पिवळा म्हणजे गोळ्या चुकवणारा, लाल म्हणजे जपून वागावं असा. माझ्या धाकट्या भावाच्या फायलीवर पहिल्या दिवशी लाल ठिपका लागला, आणि तो बरा झाल्यावरही राहिला. काढा म्हटलं तर तो माणूस म्हणाला, "ताई, खरवडला तर फाईल फाटती." इतकं साधं कारण होतं.

भाऊ आमच्या गावात नळाचं पाणी सोडायचा. गाव डिंभ्याच्या धरणाजवळचं. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते आमच्याकडे बघूनच म्हणत असावेत. म्हणून पाणी सोडणाऱ्याला आमच्यात मान. व्हॉल्व्ह फिरवायची कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो आळीआळीतून फिरायचा आणि बायका हंडे घेऊन त्याची वाट बघायच्या. दोन वर्षांपूर्वी त्याची झोप उडाली. नळातून आपले वडील हाक मारतात असं त्याला वाटायला लागलं. वडील तर कधीच गेलेले. एका भर दुपारी त्यांना वाट करून द्यायची म्हणून त्याने सगळे व्हॉल्व्ह उघडले आणि गावाची टाकी रस्त्यावर ओतली. मग चावी काढून घेतली गेली आणि आमच्या जुन्नरच्या खेपा सुरू झाल्या. घोडेगावला गाडी बदलायची, ती येईल तेव्हा यायची, आणि माडीवर जाऊन बाकावर बसायचं. गोळ्यांनी त्याला गुण आला. वर्षभर तो शांत झोपला, हाका थांबल्या. त्याला आता एकच हवं होतं, ती चावी.

खरी गंमत गावात झाली. लहानपणापासून त्याच्या बरोबरीचे लोक त्याला 'ए येड्या' म्हणून हाक मारायचे. आमच्याकडे जवळच्याला असंच बोलावतात. शेजारच्या घरातला एक मित्र तर सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी भिंतीवरून ओरडायचा, "येड्या, उठला का रं?" आजारपणानंतर तोच मित्र उठून उभा राहायला लागला. "या भाऊ, बसा. बरं हाय ना तुमचं?" म्हणायला लागला. सगळं गाव अहो-जाहोवर आलं. पारावर भाऊ टेकला की दोघंतिघं सरकून जागा करत आणि थोड्या वेळाने कामं आठवून निघून जात. एकदा घरी येऊन तो मला म्हणाला, "आक्का, मी शाना व्हतो तवा समदी मला येड्या म्हनायची. आता म्हनत न्हाईत." त्या जिन्यातल्या पाटीवर हे कुठल्या रंगात लिहिणार होते कोण जाणे.

चावी परत मिळायला डॉक्टरचा कागद हवा, असं पंचायतीने सांगितलं. आमच्या सरपंच बाई आहेत, म्हणजे सही बाईंची असते आणि तोंड त्यांच्या नवऱ्याचं. चावी दरम्यान त्या नवऱ्याच्या मेव्हण्याच्या खांद्यावर गेली होती. पुण्याहून महिन्यातून एकदा जुन्नरला येणाऱ्या डॉक्टरांनी भावाला पंधरा मिनिटं प्रश्न विचारले आणि कागद लिहिला. त्यावर एक त्रिकोण होता, त्याच्यापुढे आजाराचं नाव होतं, दोन बाण होते, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा, आणि शेवटी इंग्रजीत तीन ठसठशीत अक्षरं होती, एन, ए आणि डी. त्यांचा अर्थ मी विचारला नाही. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यावर समोरच्याला 'हे काय लिहिलंय' म्हणून विचारायला जीभ रेटत नाही. ती माझी मिजास होती, आणि ती भावाला भोवली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या कार्यालयात सरपंचबाईंच्या नवऱ्याने कागद हातात घेतला. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय झालेला तो गृहस्थ. त्याने त्रिकोण सोडला, बाण सोडले, आणि शेवटची तीन अक्षरं बोटाने दाबून मोठ्याने वाचली.

"नाद."

मग कागद आमच्याकडे फिरवून धरला.

"डाक्टरनंच लिवलंय राव. नाद हाय म्हनून. आता आमी काय करनार?"

ग्रामसेवकाने मान पुढे करून बघितलं. पदवीधर माणूस. तोही म्हणाला, "हो, नादच दिसतंय." सरपंच बाई नवऱ्याशेजारी बसल्या होत्या, त्या पदराशी चाळा करत राहिल्या. भाऊ दारात उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, बसा म्हटलं.

मग चर्चा सुरू झाली, कशाचा नाद? एकाने बाटलीचा म्हटलं. दुसरा म्हणाला, मोबाईलवरच्या जुगाराचा असेल, आजकाल लई लोकांना लागलाय. तिसऱ्याने आवाज उतरवून बाईचा म्हटलं आणि माझ्याकडे बघून खोकला. ज्याने आयुष्यात तंबाखूची चिमूटसुद्धा तोंडात टाकली नाही, त्याच्या नादांची यादी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. एवढी अक्कल हे लोक रस्त्याच्या खड्ड्यांवर चालवतील तर धरणापर्यंत डांबर पोहोचेल. मी तिथे बरंच बोलले. नालायक म्हणाले, अडाणी म्हणाले, ग्रामसेवकाची पदवी काढली. पण ती अक्षरं म्हणजे काय ते मला सांगता आलं नाही, आणि तेवढंच सांगायला हवं होतं.

आता जे सांगायचं ते सांगताना मला माझी लाज वाटते. घरी येताना टाकीखालच्या वाटेवर मी थांबले आणि भावाला विचारलं, तेही किती गोड आवाजात, "बाळा, खरं सांग हं, रागावणार नाही मी. तुला कसला नाद तर लागला नाही ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "बोंबील खायचा लागलाय," म्हणाला आणि पुढे चालायला लागला. त्या दिवशी ताटावर बसला आणि तसाच उठला. मला गावाची चीड येत होती, पण गावाने निदान कागद बघून विचारलं होतं. मी त्याला पाळण्यात असल्यापासून बघत होते.

डॉक्टर परत यायला महिना गेला. त्या महिन्यात मेव्हणेबुवांनी खालच्या आळीला, म्हणजे स्वतःच्या बहिणीच्या आळीला, रोज दोन वेळा पाणी दिलं आणि वरच्या आळीला दिवसाआड. वरच्या आळीच्या व्हॉल्व्हला किती फेरे द्यायचे हे त्याला माहीतच नव्हतं. ते भावाच्या हाताला माहीत होतं.

जुन्नरला मी आधी डॉक्टरांच्या टेबलावर कागद ठेवला आणि विचारलं, "हे काय आहे?" विचारायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

"हे? काही दोष आढळला नाही, असा अर्थ आहे त्याचा. आम्ही असंच लिहितो."

"काही नाही म्हणायला तीन अक्षरं?"

"पूर्ण लिहायला वेळ नसतो हो."

मी त्यांना पंचायतीत काय झालं ते सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग भावाकडे बघून हसायचे थांबले. तेवढं मी त्यांच्या बाजूने जमा धरते. शेजारी समुपदेशक बाई बसल्या होत्या. दर खेपेला भावाला मऊ आवाजात "आपल्याला हळूहळू जमेल हं" म्हणणाऱ्या. आपल्याला म्हणजे कुणाला, हे मी कधीच विचारलं नव्हतं. त्या लगेच पुढे सरसावल्या आणि म्हणाल्या, की आदरपूर्वक शब्दयोजना अशी करता येईल, 'सदर सेवार्थी सद्यःस्थितीत मनोसामाजिकदृष्ट्या कार्यक्षमतेच्या दिशेने वाटचाल करीत असून…'

"थांबा," मी म्हणाले. "हे आमच्या गावात नेलं तर आता हा कुठं वाटचाल करतोय म्हणून शोधायला निघतील."

मग मी सांगितलं आणि डॉक्टरांनी लिहिलं. अक्षर वाईट होतं, पण शब्द मराठी होते. 'हा माणूस बरा आहे. त्याला कसलंही व्यसन नाही. पाणी सोडायचं काम तो करू शकतो.' खाली सही आणि शिक्का. समुपदेशक बाईंना 'हा माणूस' खटकला. 'हे गृहस्थ' करू या का, असं त्यांनी विचारलं. भाऊ पहिल्यांदाच बोलला. "नको ताई. मानूस ऱ्हाऊ द्या."

पंचायतीत कागद वाचला गेला. सरपंचबाईंचा नवरा म्हणाला, "आमी कुटं काय म्हनलं व्हतं? आपन आराम करा की अजून, भाऊ. तब्येत म्हत्त्वाची." कागद तो बहुधा तसाच बाजूला सारणार होता. पण बाहेर वरच्या आळीच्या सात-आठ बाया रिकामे हंडे घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्यातली एक दारातून आत ओरडली, "त्याला नाद असू दे न्हायतर नसू दे, आमाला पानी सोडनारा पायजे!" न्याय आमच्याकडे असा येतो, तहान लागली की. सरपंच बाई उठल्या, कोपऱ्यातली चावी उचलून त्यांनी भावासमोर धरली आणि परत जागेवर जाऊन बसल्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्या बाईंचा आवाज मी अजूनही ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ चावी खांद्यावर टाकून निघाला. मी ओट्यावर उभी होते. शेजारचा मित्र भिंतीवरून ओरडला, "ए येड्या, आमच्याकडं कवा सोडतो?" आणि एकदम जीभ चावून गप्प झाला. "म्हंजे… भाऊ, तुमी…" भावाने वाटेतूनच त्याला एक अशी शिवी दिली की ती मी इथे लिहीत नाही. मित्राने दुप्पट मोठी परत केली. दोघेही हसत होते.

तासाभराने तो परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. तसाच माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर येऊन उभा राहिला. पूर्वी असं केलं असतं तर मी त्याची सात पिढ्यांसकट पूजा बांधली असती, आणि त्या पिढ्या माझ्याही आहेत हे विसरले असते. तो उभाच होता. वाट बघत होता.

"राहू दे रे बाळा," मी म्हणाले, "मी पुसते हं."

त्याने चावी भिंतीला टेकवली. "आक्का, नाद मला न्हाई. तुला हाय."

"मला? कसला?"

"ग्वाड बोलायचा. दोन वर्सं झाली. तेवढा सोड."

मग मी म्हणाले, "गाढवा, पाय धू आधी." पण ते 'गाढवा' इतके दिवस पडून राहिलेलं. ते विनवणीसारखं बाहेर आलं. त्याने ते ऐकलं आणि मान डोलावली.

"जमंल हळूहळू," तो म्हणाला, आणि पाय धुवायला मोरीकडे गेला.