पान खालून वाचणारा पाटकरी

संगणकावरचं पान बिघडलं की तो आधी पँट घोट्याच्या वर दुमडायचा. मग खुर्ची ओढून म्हणायचा, "सरका, सर. शेवटापासनं येतो."

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बारामतीत माझा संगणकाचा क्लास होता. तिथं तो आधी शिकायला आला आणि मग शिकवायला राहिला. गाव अंथुर्णे, घरचा ऊस, लहानपणापासून दारं धरलेली, म्हणजे पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत वळवलेलं. शेवटच्या सरीला पाणी पोचलं नाही की शेंड्यापासून उलट चालत यायचं आणि पाट कुठं फुटलाय ते बघायचं, ही त्याची विद्या. वेबपानाचा कोडही तो तसाच शेवटच्या ओळीपासून वर वाचायचा. पोरं त्याला पाटकरी म्हणत.

"अरे, मशीन वरून खाली वाचतं," मी समजावायचो.

"वाचू द्या की. मधी कुठंतरी गाठू त्याला."

तुम्हाला वाटेल, मोठा जाणकार. एकदा पडदा काळा पडला, तर यानं कागदावर छापलेला कोड तासभर उलटा वाचला. मॉनिटरची वायरच निघालेली होती. ती मीच काढली होती, पंखा लावायला, आणि विसरलो होतो. अशी आमची जोडी.

तेव्हा आम्ही गावांची पानं करत होतो. क्लासातली मशीनं एकमेकांना जोडलेली. कुणीही बसावं आणि आपल्या गावाच्या पानात भर घालावी. सगळ्या पानांचा सांगाडा एकच मॅक्रो, म्हणजे एकदाच लिहून सगळीकडे वापरलेला कोडचा तुकडा, घालायचा: वर गावाचं नाव, खाली मजकूर.

घरी मात्र त्याच्या वडिलांचा, आबांचा, धोशा चालू होता: ऊस कोण बघणार? शेवटी ठरलं, आबा स्वतः येऊन काम बघणार. पटलं तर पोरगं बारामतीत. नाही पटलं तर त्याच संध्याकाळच्या एसटीनं कायमचं अंथुर्ण्याला.

पाहुणे येणार म्हणून मी सजावट काढली. तेव्हा एक टॅग होता; त्याच्या दोन खुणांच्या मध्ये जे लिहाल ते पडद्यावर सरकू लागायचं. गावाचं नाव सरकावं म्हणून मी तो थेट मॅक्रोतच घातला. पहिली खूण टाकली. दुसरी राहिली.

आबा आले, सोबत त्यांचे चुलतभाऊ तात्या. अंथुर्ण्याचं पान उघडलं. नाव सरकलं. छान. मग पीकपाणी सरकलं. मग पारावर बसलेल्या मंडळींचा फोटो उठून चालू लागला आणि तात्या डाव्या कडेनं बाहेर गेले.

"मी कुठं निघालो?" तात्यांनी विचारलं.

"येताल परत," पाटकरी म्हणाला. कानशिलं लाल झाली होती.

तात्या उजवीकडून परत आले. मागोमाग आबाही आले.

"ह्यासाठी ऊस सोडलास व्हय?" खुर्चीतले आबा म्हणाले.

मी घाईघाईनं कळस गावाचं पान उघडलं. तेही चालू. मोरगावचं देऊळसुद्धा वाटेला लागलेलं.

पाटकरी पँट दुमडू लागला. पडद्यावर बोट ठेवून तो अंथुर्ण्याचं सगळं पान खालून वर चढला. चूक नाही. "फूट वरल्या अंगाला हाय," तो पुटपुटला. "हितंच असती तर कळस कशाला हललं असतं?" मॅक्रो उघडला. शेवटून दोन ओळी वर येताच बोट थांबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. त्यानं राहिलेली खूण टाकली आणि सगळी गावं जागच्या जागी बसली.

आबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते त्याच्या बोटाकडे बघत होते.

"असंच यायचं असतंय," ते तात्यांना म्हणाले. "म्याच शिकवलंय. ऱ्हाऊ दे ह्याला बारामतीत."

नाराज झाले ते फक्त तात्या. "चालत हुतो तेच बरं हुतं," म्हणाले. त्यांच्यासाठी ती खूण पुन्हा काढावी लागली. चहा येईपर्यंत ते स्वतःला जाता-येता बघत बसले.

पुढं पाटकरी पुण्याला गेला आणि तिथून अमेरिकेला. नंतरच्या बाजारच्या दिवशी आबा क्लासात आले आणि त्याच्या खुर्चीत बसले. मी चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

"म्या बारामती म्हणलं हुतं, सर," ते म्हणाले. "बारामती. एवढं लांब म्या म्हणलं न्हवतं."

बशीतल्या चहावर साय धरत गेली.